हातातले आणि पदरातले

(तळेगाव ढमढेरे येथे शिरूर-दौंड भागातील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



भाव, वीज आणि कर्ज यांवर या बैठकीत बोलणे झाले, पुढेही होईल. आता आम्ही जे मांडणार आहोत ते शाळेच्या फळ्यावरचे वाटेल, पण त्याचा संबंध तुमच्या बी-बियाण्याच्या दुकानातल्या उधारीशी आहे. प्रश्न साधा आहे. शेतात काही नवे केले आणि पीक चांगले आले, तर ते कशामुळे आले हे ओळखायचे कसे? हे ओळखता आले नाही, तर नको त्या गोष्टीवर दरवर्षी पैसा जातो आणि हव्या त्या गोष्टीसाठी उरत नाही. बागायतदाराला ही चूक एखादे वर्ष पचेल. कोरडवाहूवाल्याला पचत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, चासकमानच्या कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही अशा मध्यम जमिनीत एक शेतकरी शाळू करतो. गेल्या वर्षी घरची मालदांडी पेरली, खत घातले नाही, एकरी चार क्विंटल झाली. यंदा त्याने विद्यापीठाची फुले सुचित्रा पेरली. पेरणीबरोबर खत दिले. दुकानदाराने सांगितले म्हणून पीकवाढीच्या औषधाची फवारणी केली. रानाला हरभऱ्याचा बेवड होता. आणि पेरणीनंतर परतीचा एक चांगला पाऊस झाला. ज्वारी झाली सहा क्विंटल. लगेच बांधावर पाटी लागते, ‘आमच्या औषधाने दीडपट उत्पन्न!’ पाटी लावायला खर्च फारसा नाही, आणि पुढच्या वर्षी गावातले पन्नास जण तीच बाटली घेतात.

आता हिशेब मांडा. वाढ झाली दोन क्विंटलची आणि तिचे दावेदार पाच: बियाणे, खत, औषध, बेवड आणि पाऊस. सातबाऱ्यावर पाच नावे लागली आहेत, वाटणी कुणाचीच झालेली नाही, आणि सगळी जमीन एकटा बाटलीवाला विकतो आहे! औषध खोटेच आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या शेतात त्याचा वाटा किती हे कुणालाच सांगता येणार नाही, विकणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, एवढेच म्हणतो.

अशा वेळी वाटणी करून देणारे शास्त्र आहे. त्यात दोन शब्द मुख्य आहेत. प्रयोगात आपण मुद्दाम जे बदलतो त्याला स्वतंत्र चल म्हणतात. त्याच्या बदलामुळे जे बदलते का हे पाहायचे, त्याला अवलंबी चल म्हणतात. आपण आपल्या भाषेत पहिल्याला ‘हातातले’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘पदरातले’. बी कोणते पेरायचे, खत किती द्यायचे, कोळपण्या किती करायच्या, हे हातातले. दाणा किती झाला, कडबा किती झाला, खर्च जाऊन काय उरले, हे पदरातले.

ओळखण्याची खूण सोपी आहे. एक वाक्य पुरे करा: ‘मी अमुक बदलले, तर तमुक किती बदलेल?’ अमुकच्या जागी येते ते हातातले, तमुकच्या जागी येते ते पदरातले. ‘पेरणी सप्टेंबरच्या मध्याला केली की ऑक्टोबरच्या मध्याला, यावर दाणा किती बदलेल?’ इथे पेरणीची तारीख हातातली, दाणा पदरातला. वाक्य उलटे करून बघा. दाणा बदलला म्हणून पेरणीची तारीख बदलेल का? नाही. वाक्य उलटे होत नाही, म्हणजे आपण बरोबर ओळखले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणतीही गोष्ट जन्मतः हातातली किंवा पदरातली नसते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे आपण म्हणतो. त्यात कोळपणी हातातली आणि जमिनीतली ओल पदरातली. पण तीच ओल कमीजास्त ठेवून दाणा किती भरतो हे बघायचे ठरवले, की ओल हातातली झाली आणि दाणा पदरातला. एकच बाई माहेरी लेक असते आणि सासरी सून असते. नाते कोणत्या घरात विचारता त्यावर ठरते. इथेही कोणता प्रश्न विचारता त्यावर ठरते. म्हणून प्रश्न आधी, पेरणी मागाहून.

या दोघांशिवाय आणखी दोन खाती आहेत. तिसरे खाते ‘जागच्या जागी’चे. बियाणे तपासायचे असेल तर खत, पेरणीची तारीख, दोन ओळींतले अंतर आणि कोळपण्या दोन्ही पट्ट्यांत सारख्या ठेवायच्या. चौथे खाते ‘आभाळातले’. पाऊस, थंडी, धुके आपल्या हाताने थांबत नाही. पण ते दोन्ही पट्ट्यांवर सारखे पडेल अशी व्यवस्था आपल्याला करता येते. ती कशी? दोन्ही पट्टे एकाच रानात, एकाच हंगामात, शेजारी-शेजारी ठेवून. आपल्या पर्जन्यछायेच्या मुलखात एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते. म्हणून गेल्या वर्षीच्या पिकाशी यंदाच्या पिकाची तुलना ही तुलनाच नव्हे. तुलना करायची ती यंदाच्याच, काही न बदललेल्या पट्ट्याशी.

हे ज्ञान आपल्या पायाखालच्या मातीतून आले आहे. इथून जवळच जातेगाव बुद्रुक आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि एन. व्ही. कानिटकर यांनी या कोरडवाहू गावाची घरोघर पाहणी केली आणि ती १९२१ साली पुस्तकरूपाने छापली. बहुसंख्य घरांचा खर्च त्यांच्या मिळकतीत भागत नव्हता, असे तीत दिसले. ही पाहणी मोलाची आहे, पण ती पाहणी आहे, प्रयोग नव्हे. पाहणीत कुणी काही बदलत नाही, आहे ते मोजतो. जमीन थोडी, विहीर नाही, बैल एकच, कर्ज मोठे, या गोष्टी एकाच घरात एकत्र नांदतात. कशामुळे काय झाले हे नुसत्या पाहणीतून सुटे करणे अवघड जाते. ते सुटे करायचे तर काहीतरी हातात घेऊन बदलावे लागते.

ते काम पुण्याजवळ मांजरीला १९२३ पासून आणि सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू संशोधन केंद्रांवर झाले. जातेगावची पाहणी करणाऱ्या कानिटकरांचाच त्यात मोठा वाटा होता. त्यातून मुंबई इलाख्याची कोरडवाहू शेतीची पद्धत ठरली: बांधबंदिस्ती, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, पावसाआधी आणि पावसात कुळवाच्या पाळ्या, बी कमी, ओळींत अंतर जास्त, आणि वेळेवर कोळपणी. सल्ला चांगला होता, पण गठ्ठ्याने होता. आपल्यासारख्याकडे सगळा गठ्ठा घ्यायला ना बैल ना पैसा. त्यातले एकच घेता येत असेल तर आधी कोणते घ्यावे? हा प्रश्न गरिबाचा आहे. गठ्ठा एकदम वापरून त्याचे उत्तर मिळत नाही, एकेक सुटे करूनच मिळते.

सुटे कसे करावे याचे शास्त्र इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी १९१९ नंतरच्या काळात बसवले. आपल्याकडे ते डॉ. पानसे आणि डॉ. सुखात्मे यांनी रुजवले. पानसे इंदूरला कपाशीवर काम करत. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. दोघांचे पुस्तक १९५४ साली निघाले. शेतकी पदवी घेणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शिकल्या, आम्हीही त्यातलेच. ते पुस्तक कॉलेजच्या कपाटात राहिले, बांधावर आले नाही. ते बांधावर आणायचे आहे.

आता कपाशीकडे वळू. कापूसवाले भाऊ इथे आले आहेत, त्यांचा अनुभव सर्वांत मोठा आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत देशातले कापसाचे एकरी उत्पन्न वाढले. कशामुळे वाढले यावर आजही वाद आहे. अनेक अभ्यासक मोठे श्रेय बीटीला देतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० साली लेख लिहून सांगितले की त्याच काळात रासायनिक खत वाढले, नवी कीटकनाशके आली, सगळे श्रेय जनुकाला देता येत नाही. वाद का मिटत नाही? हातातल्या अनेक गोष्टी एकाच वेळी बदलल्या म्हणून. बीटी आले ते मुख्यतः संकरित वाणांच्या पोटातून, म्हणजे जनुक आणि वाण एकाच पाकिटात बदलले. ज्याच्याकडे पाणी आणि पैसा, त्याने ते आधी घेतले.

शेतकऱ्याला हवे ते तंत्रज्ञान वापरण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे, ही आमची भूमिका पक्की आहे. पण तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य म्हणजे जाहिरातीची गुलामी नव्हे. निवडायचे स्वातंत्र्य हवे असेल तर पारखायची अक्कलही आपलीच हवी.

इथे पदराचेही दोन प्रकार पाहा, जवळचा आणि लांबचा. बीटीचे जनुक बोंडअळीसाठी आहे. त्याच्या जवळचा पदर म्हणजे किडकी बोंडे किती आणि बोंडअळीच्या फवारण्या किती. एकरी कापूस हा लांबचा पदर, त्यात पाऊस, खत, जमीन, वेचणीची मजुरी सगळे येऊन बसतात. म्हणून औषध, बियाणे काहीही तपासताना दोन्ही मोजा. किडीचे औषध असेल तर आधी कीड मोजा, मग वजन करा. कीड तेवढीच राहिली आणि उत्पन्न मात्र वाढले, तर श्रेय दुसऱ्या कुणाचे तरी आहे हे ओळखा.

आणखी एक. एकदा लागलेले उत्तर कायमचे नसते. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळी बीटीच्या बोंडांत शिरली, ते सगळ्यांनी पाहिले. हातातले तेच होते, पदरातले बदलले, कारण अळी बदलली. म्हणून तपासणी दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते.

आणि एक गंमत सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिनबीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट मिळत असे. ते अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून कडेने लावायचे होते. कितीतरी ठिकाणी ते लावलेच गेले नाही. पण विचार करा, ते पाकीट म्हणजे तुलनेचा पट्टा कंपनीनेच तुमच्या हातात दिला होता! अर्थात नुसत्या कडेच्या ओळींशी तुलना करून भागत नाही. कडेला ऊन-वारा जास्त, जनावराचे तोंडही तिथेच लागते. तुलनेचा पट्टा रानाच्या आत हवा.

आता पदर कुणाचा, हा प्रश्न. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित वाण आला. दाणा भरपूर. सरकारी तक्त्यात पदरातले म्हणून एकच रकाना होता, दाण्याचे क्विंटल. शेतकऱ्याच्या घरी मात्र रकाने तीन: दाणा, कडबा आणि भाकरी. ताट बुटके, म्हणून कडबा कमी. काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडे. खरिपात हायब्रीड पसरली, पण शाळूच्या रानात मालदांडी टिकली. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आजही पेरली जाते, याला अडाणीपणा म्हणायचे का? शेतकऱ्याने पदर पूर्ण पसरून मोजले होते, तक्त्याने पदराचे एकच टोक मोजले होते. म्हणून काय मोजायचे हे दुसऱ्याला ठरवू देऊ नका. आणि मोजणाऱ्यांत घरातल्या मायबहिणी हव्यातच. भाकरी त्या थापतात आणि वैरणही बहुतेक त्याच टाकतात.

याच अंगाने आपल्या चळवळीकडेही बघता येते. शेतकरी गरीब का, याचे उत्तर वर्षानुवर्षे ठरलेले होते: तो आळशी, अडाणी, लग्नात पैसा उडवणारा. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शास्त्राच्या भाषेत काय झाले? जमीन तीच, पाऊस तोच, बाजार तोच. बदलला फक्त शेतकरी: शिकलेला, हिशेब ठेवणारा, उधळपट्टी न करणारा. तरीही शेती तोट्यात गेली. शेतकऱ्याचा स्वभाव हे कारण असते, तर स्वभाव बदलल्यावर तोटा जायला हवा होता. तो गेला नाही, म्हणून बोट भावाकडे वळले. पण एका रानावरून सिद्धांत होत नाही. १९८० साली चाकणचा कांदा, त्याच वर्षी नाशिकचा कांदा आणि ऊस, १९८१ साली निपाणीची तंबाखू, पिकामागून पिकाचा हिशेब तेच सांगू लागला तेव्हा तो विचार उभा राहिला. प्रयोगशाळेतला हा प्रयोग नव्हता. पण एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि पुन्हा-पुन्हा पडताळायचे, ही रीत तीच आहे.

आता कामाचे बोलू. यंदाच्या शाळूत करायचा एक प्रयोग सांगतो. दुकानातली पीकवाढीची बाटली तपासायची आहे. अर्धा एकर घ्या, त्याचे चार पट्टे पाडा. एक पट्टा ३० ओळींचा, ओळींत अंतर दीड फूट, म्हणजे रुंदी ४५ फूट. लांबी १२१ फूट. झाले बरोबर पाच गुंठे. पेरणी उताराला आडवी असते, म्हणून वरचा पट्टा हलक्या मातीचा आणि खालचा भारी मातीचा असण्याचा संभव. सगळे औषध खाली मारले तर जिंकणार भारी माती, आणि नाव होणार बाटलीचे. म्हणून क्रम असा ठेवा: पहिला आणि चौथा एक, मधले दोन दुसरे. कोणत्या जोडीला औषध द्यायचे ते नाणे उडवून ठरवा, आपल्या मनाने नको. मन चांगल्या रानाकडे ओढ घेते.

ज्या पट्ट्यांना औषध नाही त्यांच्यावर त्याच दिवशी तेवढेच साधे पाणी फवारा. नाहीतर पंपातल्या पाण्याचे आणि फवारताना झालेल्या लक्षाचे श्रेयही बाटली घेऊन जाईल. बाकी सगळे जागच्या जागी. काढणीला प्रत्येक पट्ट्यातल्या दोन्ही कडांच्या चार-चार ओळी सोडा. मधल्या २२ ओळी ३३ फूट लांब कापा. तो भरतो एक गुंठा. दाणा वेगळा तोला, कडबा वेगळा. किलोला ४० ने गुणले की एकरी उतारा.

समजा आकडे असे आले: औषधाचे दोन पट्टे १५ आणि १७ किलो, पाण्याचे दोन पट्टे १६ आणि १५ किलो. औषधाची सरासरी १६, पाण्याची साडेपंधरा. अर्ध्या किलोचा फरक, एकरी २० किलो. बाटलीवाला म्हणेल, वाढ झाली! पण नीट बघा. औषधाच्याच दोन पट्ट्यांत आपसात दोन किलोंचा फरक आहे. एकसारखे वागवलेल्या पट्ट्यांत जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा औषध आणि पाणी यांतला फरक लहान असेल, तर तो औषधाचा आहे असे म्हणता येत नाही. तो मातीचा असू शकतो. आणि खरोखर २० किलो वाढली असे धरले, तरी तेवढ्या ज्वारीच्या पैशात बाटली आणि फवारणीची मजुरी निघते का, हा हिशेब उरतोच.

एका शेतकऱ्याच्या रानावर निकाल देऊ नका. गावात पाच-सहा जणांनी असेच पट्टे पाडले आणि बहुतेकांकडे कल एकाच बाजूला आला, तर त्यावर विसंबता येईल. एकट्याला न परवडणारे हे काम संघटनेला सहज जमते.

कुणी विचारील, नेहमी एकच गोष्ट बदलायची का? दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने काम करत असतील तर? रास्त शंका आहे. ओल नसेल तर नत्र पिकाला लागू पडत नाही, आणि पोटाला नत्र नसेल तर ओलीचा पुरा फायदा होत नाही. तिथे चार पट्टे वेगळे मांडावे लागतात: एकात काहीच नाही, एकात नुसते खत, एकात नुसते पावसाचे पाणी अडवणारे वाफे, आणि एकात दोन्ही. मग एकेकाचे काम किती आणि जोडीने किती, हे दोन्ही कळते. पाच-सहा रानांत ते केले की चित्र स्पष्ट होते. दोन गोष्टी एकदम बदलायला हरकत नाही, पण त्या सुट्याही दिसल्या पाहिजेत.

घरातल्या शाळकरी मुलांना वही द्या. ‘चल’ हा शब्द ती गणितात शिकतातच, त्याचे वजन काट्यावर करू द्या. याच तालुक्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला, तो हाताने करून शिकण्यासाठीच. वहीच्या पहिल्या पानावर पेरणीपूर्वी चार ओळी लिहा. हातातले काय बदलणार? पदरातले काय मोजणार? जागच्या जागी काय ठेवणार? आभाळातले काय घडले, तेवढी जागा कोरी ठेवा आणि हंगामभर भरत जा. पीक बघून मागाहून प्रश्न ठरवला तर उत्तर नेहमी आपल्या सोयीचे निघते.

आणि पुढच्या वेळी कुणी बांधावर पाटी लावायला आला, मग तो कंपनीचा असो, सरकारी असो की आमच्यातला कुणी पुढारी असो, त्याला एवढेच म्हणा: ‘पाटी नंतर लावू. आधी बिनऔषधाचा पट्टा दाखवा.’

प्रत्येक गावातून पाच नावे हवी आहेत. बैठक उठण्यापूर्वी द्या. शाळूची मळणी झाली की वह्या घेऊन पुन्हा बसू, आणि कोणत्या बाटलीचे पैसे वाचवून ते कोणत्या कामाला लावायचे, ते काट्यावरच्या आकड्यांवरून ठरवू.